उत्तर: जुन्या पिकअपसाठी उंच, अरुंद टायर
जुन्या पिकअपला कुठले टायर घालावेत, या प्रश्नावर कुणीतरी २६५/७५ आर१६ घाला (२६५ मिमी रुंदी, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १६ इंची), रुंद टायरने पकड वाढते, असं सुचवलंय. मुळशी-वेल्ह्याकडच्या पावसाळी कच्च्या रस्त्यांसाठी मी मात्र २३५/८५ आर१६ च घेईन. टायरची एकूण उंची जवळपास तेवढीच, सुमारे ८०५ मिमी, पण रुंदी ३० मिमीने कमी.

वजन आणि हवा सारखी असेल तर टायरचं जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ साधारण तेवढंच राहतं, फक्त आकार लांबट होतो. आपल्याकडच्या लाल मातीत वरचा थर निसरडा आणि खाली मुरूम कडक. अरुंद टायर चिखल कापत त्या मुरमापर्यंत पोचतो. रुंद टायर वरच तरंगतो. भाताच्या खाचरात किंवा कोकणातल्या पुळणीवर गणित उलटं, तिथे रुंदच बरा.

शिवाय जुन्या गाडीत पॉवर स्टीअरिंग नसेल तर अरुंद टायरने स्टीअरिंग हलकं झाल्याचं हाताला लगेच कळतं, आणि पूर्ण वळवल्यावर टायर स्प्रिंगच्या पाट्यांना घासायची शक्यताही कमी. २३५ ला ६ इंच रुंदीची रिम चालते, २६५ ला किमान ७ लागते. म्हणजे रिमचा खर्चही वाचू शकतो.

उंचीचा मोह मात्र आवरा! व्यास ५ टक्के वाढला की काटा ६० दाखवताना गाडी ६३ ने धावते, चढाला इंजिन दमतं, आणि ताम्हिणी घाट उतरताना ब्रेकवर ताण येतो. क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा, वाढतो तो व्यासातल्या फरकाच्या निम्माच.

माल भरणार असाल तर एलटी (लाइट ट्रक, म्हणजे मालवाहू गाडीचे) टायरच घ्या. टायर कधी बनला ते सांगणारे बाजूवरचे चार आकडे दुकानातच वाचा: ३२२३ म्हणजे २०२३ चा ३२ वा आठवडा.