यूपीव्हीसी दार बंद असतानाच कुलूप गेलं तर हत्यारं कोणती आणि क्रम काय?

चौकटवाला
लाकडी दारांची कामं नेहमीची आहेत, यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) आता येऊ लागली आहेत. मल्टिपॉइंट लॉकचं दार, म्हणजे हँडल वर उचललं की वर-खाली हूक बाहेर येतात आणि मग चावी फिरवायची, असा प्रकार. उघड्या दारात गिअरबॉक्स (लॉकची मधली यंत्रपेटी) बदलणं जमतं. दार बंद असतानाच लॉक गेलं तर मात्र हात घालायचा कुठे ते कळत नाही. लाकडासारखी पटाशी घातली तर प्लास्टिक तडकतं, आणि हूक तर जागचे हलत नाहीत.

सध्या समोर असलेलं दार: आत उघडणारं, दोन हूक, मध्ये लॅच (दार मिटताच आपोआप अडकणारी तिरपी जीभ) आणि डेडबोल्ट (चावीने सरकणारा सरळ बोल्ट). चावी नीट फिरते. हँडल खाली जातं, पण पल्ला सुटत नाही. आतून जाता येतं, दुसरं दार आहे. पेटीत नेमकं काय ठेवावं, आणि तोडफोडीआधी काय काय करून बघावं?

---

पाचर
पेटी उघडण्याआधी काय मोडलंय ते ठरवा. पल्ला फोडला जातो तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी जोर लावल्यामुळे.

आतली रचना अशी. हँडलचा चौकोनी दांडा (स्पिंडल) जाडीला ८ मिमी. तो गिअरबॉक्समधल्या फॉलोअरमध्ये (हँडलबरोबर फिरणाऱ्या भागात) बसतो. हँडल वर केलं की फॉलोअर वरच्या आणि खालच्या सरकपट्ट्या ढकलतो आणि हूक बाहेर येतात. चावी फॉलोअरला खीळ घालते, बऱ्याच मॉडेलमध्ये मधला डेडबोल्टही तीच बाहेर काढते. हँडल खाली केलं की हूक आत जातात आणि शेवटच्या टप्प्यात लॅच ओढला जातो. यातला कोणता दुवा तुटला ते लक्षणावरून कळतं:

चावी फिरतच नाही आणि हँडल दगडासारखं: आधी ताण बघा. हँडल वरच्या दिशेने घट्ट दाबून धरा आणि त्याच वेळी चावी फिरवा. खिळीवरचा भार सुटला की चावी फिरते. हे झालं तर गिअरबॉक्स शाबूत आहे, पल्ला खाली उतरलाय.

चावी गोल गोल फिरते, हाताला काहीच लागत नाही: सिलिंडरचा (चावी घालायच्या भागाचा) कॅम, म्हणजे चावीबरोबर फिरणारा दात, तुटला, किंवा सिलिंडर धरणारा स्क्रू सैल होऊन सिलिंडर मागेपुढे सरकलाय.

हँडल लुळं पडलंय: हँडल काढा (आतून दोन स्क्रू), ८ मिमीचा सुटा स्पिंडल घाला आणि व्हाइस ग्रिपने फिरवा. सुट्या स्पिंडलवर फिरलं तर दोष हँडलच्या स्प्रिंगचा किंवा झिजलेल्या चौकोनाचा. स्पिंडलही मोकळा फिरत असेल तर फॉलोअर फुटलाय.

हँडल अर्ध्यावर अडतं: एखादा हूक चौकटीतल्या घरात दाबला गेलाय, नाहीतर सरकपट्टी वाकली आहे.

हँडल पूर्ण खाली जातं तरी दार बंद, म्हणजे तुमचं प्रकरण. हँडल खाली धरून पल्ला लॉकच्या बाजूने वर, मध्ये आणि खाली तळहाताने ढकला-ओढा. जिथे अजिबात लवचिकपणा नाही तिथेच अडकलंय. हे केल्याशिवाय पुढे काही करू नका, आणि काय दिसलं ते इथे लिहा.

---

आटे_फिरले
पेटीबद्दल. यूपीव्हीसीसाठी हे पुरतं:

- हवेच्या पिशव्या (एअर वेज) दोन. एकीने भागत नाही.
- कडक प्लास्टिकच्या पाचरी, वेगवेगळ्या जाडीच्या. लोखंडी पाचर या कामात नको.
- ग्लेझिंग पॅडल, काच उचलण्यासाठी आणि पॅकर (काच आणि पल्ला यांच्यामधले प्लास्टिकचे तुकडे) सरकवण्यासाठी
- बीडिंग (काच धरणाऱ्या पट्ट्या) काढायला रुंद, बोथट पटाशी किंवा कडक पुट्टीपट्टी, रबरी हातोडी
- पीझेड २ (पॉझिड्राइव्ह) स्क्रू ड्रायव्हर (लांब आणि बुटका), ४ आणि ५ मिमी ॲलन की
- ८ मिमी स्पिंडलचे दोन-तीन तुकडे, व्हाइस ग्रिप, लांब नाकाची पक्कड
- टोक काटकोनात वळवलेली कडक तार
- लॅचसाठी पातळ पण ताठ प्लास्टिक शीट
- ड्रिल, ४ आणि ५ मिमीची बिटं, आणि धातू कापणाऱ्या बायमेटल पात्यासह ऑसिलेटिंग मल्टिटूल

गिअरबॉक्सच्या पेटीचे दोन पत्रे जरा फाकवणारा स्प्रेडरही मिळतो. आत तुटलेला तुकडा अडकून बसला असेल तर कामाचा. पण पहिल्या खरेदीत तो नसला तरी चालेल.

हवेच्या पिशवीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच गफलत होते. पिशवी पल्ला आणि चौकटीच्या फटीत घालून फुगवली की पल्ला बिजागरीकडे सरकतो. हुकाऐवजी रोलर किंवा मशरूम (गोल डोक्याची खुंटी) असेल तर त्याने बिघडत नाही. हुकाचं तसं नाही. हूक मुळात याच ओढीला विरोध करायला बनवलेला आहे, त्यामुळे फट जास्त फाकवाल तितका तो घरात रुतेल. हुकापाशी एखाद-दुसरा मिलिमीटर पुरे. पल्ला उतरलेला असेल तर पिशवी खालच्या फटीत, लॉकच्या कोपऱ्याखाली घाला आणि पल्ला वर उचला. हूक घराच्या कडेवरून मोकळा होतो आणि हँडल फिरतं. निम्मी 'खराब' लॉक इथेच उघडतात.

थंडीत जपून. गार यूपीव्हीसी ठिसूळ होतं. आणि काचेच्या कोपऱ्याला लागून पिशवी फुगवू नका, दुहेरी काच असेल तर ती कोपऱ्यातूनच जाते.

---

चौकटवाला
तपासलं. हँडल खाली धरल्यावर पल्ला वर आणि खाली दोन्हीकडे ४-५ मिमी हलतो. मध्ये लॉकपाशी एकदम घट्ट. चावी फिरवली की टक असा आवाज येतो, हँडलला मध्यम ओझं लागतं. म्हणजे गिअरबॉक्स फोडायचा का?

---

पाचर
फोडायचा नाही. वर-खाली हलतंय म्हणजे हूक आत गेलेत, फॉलोअर आणि पट्ट्या शाबूत. टक आवाज डेडबोल्ट सरकल्याचा धरा. उरला लॅच. हँडल आणि लॅच यांना जोडणारा आतला हात तुटलाय किंवा निखळलाय. बंद दारातल्या बिघाडांत हा सर्वात सोपा.

रस्ते दोन. पहिला शीटचा. लॅचचा उतार दार ज्या बाजूला मिटतं तिकडे तोंड करून असतो. तुमचं दार आत उघडतं, म्हणजे उतार बाहेर. शीट बाहेरून घालायची, आतून घातली तर सपाट बाजूला आपटून वाकेल. पल्ला आतून एकाने ढकलून धरला की रबराचा दाब वाढून शीट अडकते, म्हणून उलट करा: पल्ला आत, उघडण्याच्या दिशेने किंचित ओढून धरा, शीट लॅचच्या एक वीतभर वर रबराच्या मागून वळवून घाला आणि खाली लॅचपर्यंत आणा. हँडल आणि चावी उघड्या स्थितीत ठेवूनच. शीट लॅचवर पोचली की मात्र ओढ सैल करा, नाहीतर लॅच स्ट्रायकरवर (चौकटीतल्या लॅचच्या घरावर) दाबून बसतो आणि सरकत नाही.

दुसरा रस्ता आतून. दोन्ही हँडलं आणि सिलिंडर काढा. सिलिंडरचा लांब एम ५ स्क्रू पल्ल्याच्या कडेच्या पट्टीत असतो आणि बंद दारात तिथे हात पोचत नाही, म्हणून सिलिंडर राहू द्या आणि स्पिंडलच्या भोकातूनच काम करा. टॉर्च मारून बघा, लॅचची शेपटी स्पिंडलच्या पुढच्या अंगाला, पल्ल्याच्या कडेकडे दिसते. वाकवलेल्या तारेने ती मागे, बिजागरीच्या दिशेने ओढा.

---

तिरपी_खिट्टी
पाचर, एक दुरुस्ती. 'दोन्ही हँडलं आणि सिलिंडर काढा' म्हणालात आणि पुढे सिलिंडर राहू द्या. नवशिक्या गोंधळेल. बंद दारात सिलिंडर तोडल्याशिवाय निघत नाही, आणि चावी चालत असताना तोडायचं कारणच नाही.

---

पाचर
बरोबर. फक्त हँडलं काढायची.

---

तिरपी_खिट्टी
आणि फॉलोअरच फुटलेला असता तर? तेही लिहून ठेवतो, कारण पुढचं दार तसंच निघेल.

अशा वेळी भोक पाडावं लागतं, पण कुठे ते आधी ठरवायचं. हँडल काढण्याआधी त्याच्या बॅकप्लेटची कड पेन्सिलने आखून घ्या. पाडाल ते प्रत्येक भोक या आखणीच्या आत, म्हणजे नवं हँडल बसलं की झाकलं जातं. आतल्या बाजूने ४ मिमी बिट. प्रोफाइलची जाडी साधारण ६० ते ७० मिमी आणि गिअरबॉक्स मधोमध, म्हणून बिटावर सुमारे ३० मिमीवर टेप गुंडाळा. गिअरबॉक्सचा पत्रा लागला की आवाज बदलतो, तिथे थांबा, पत्र्यापुरतं पार करा आणि तारेने किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हरने सरकपट्टी थेट ढकला. हूक सैल आहेत का हे ढकलताना पल्ला लॉकच्या बाजूने हलवून दुसऱ्या माणसाने सांगत राहायचं. एकट्याने हे काम रखडतं.

मल्टिटूलने हूक कापणं सर्वात शेवटी. हूक कडक पोलादाचे, पाती भराभर जातात, आणि गरम पात्याने फटीच्या दोन्ही कडा वितळतात. त्याऐवजी काच किंवा पॅनल काढलेलं बरं. आतून बीडिंग असेल तर आधी लांब पट्ट्या, मधूनच सुरुवात करून, मग आखूड. बसवताना उलट: आखूड आधी. पट्ट्यांच्या मागे आकडे घाला, सगळ्या सारख्या दिसल्या तरी नसतात. काच निघाली की पल्ला इतका लवतो की पुष्कळदा अडकलेला हूक तसाच सुटतो.

शिवाय, घर कुणाचं आहे याची खात्री करूनच हात लावायचा. भाडेकरू असेल तर मालकाला फोन.

---

आटे_फिरले
दार उघडल्यावर लगेच नवा गिअरबॉक्स मागवू नका. उघड्या दारात जुनं लॉक कसं चालतं ते बघा. उघडं असताना लोण्यासारखं आणि बंद केल्यावर जड, तर मूळ दोष पल्ल्याचा. तो तसाच ठेवला तर नवा गिअरबॉक्सही जाईल.

मागवताना मापं: बॅकसेट (कडेच्या पट्टीच्या दर्शनी पृष्ठापासून स्पिंडलच्या मध्यापर्यंत, बहुधा २८, ३५ किंवा ४५ मिमी), पीझेड (स्पिंडलच्या मध्यापासून सिलिंडरच्या गोलाच्या मध्यापर्यंत, ९२ मिमी नेहमीचं, पण ७० आणि ७२ पण भेटतात), पट्टीची रुंदी १६ की २०, टोकं गोल की चौकोनी. पट्टीवर ठसा असतो, त्याचा फोटो काढा. अख्खी पट्टी बदलायची असेल तर प्रत्येक हुकाचं स्पिंडलच्या मध्यापासूनचं अंतर. यात ५ मिमी चुकलं तरी हूक घरात जात नाही.

सिलिंडर काढताना चावी थोडी फिरवून कॅम सिलिंडरच्या अंगात मिळवावा लागतो, साधारण ३० अंश. न मिळवता ओढत बसलात तर गिअरबॉक्स फाटेल. नवं सिलिंडर बाहेरच्या हँडलच्या पुढे २-३ मिमीपेक्षा जास्त येऊ देऊ नका, जास्त आलं तर चोराला धरायला जागा मिळते.

नवा गिअरबॉक्स बसवताना दोन्ही सरकपट्ट्या आत गेलेल्या स्थितीत ठेवून जोडा. एक दात इकडेतिकडे झाला की वरचा हूक पूर्ण आणि खालचा अर्धा येतो. दार उघडं ठेवूनच दहा-बारा वेळा हँडल आणि चावी चालवून बघा. पहिल्याच फेरीला बंद केलं आणि काही चुकलेलं असलं तर परत याच धाग्यावर याल.

---

चौकटवाला
शीटने उघडलं, बाहेरून. लॅचचा हात खरंच तुटलेला. पल्लाही ३ मिमी उतरलाय. बिजागरीनेच वर घ्यायचा का?

---

तिरपी_खिट्टी
बिजागरीला उंचीचा स्क्रू असेल तर आधी तोच, पाव पाव फेरी. पण पल्ला तिरका झाला असेल, म्हणजे बिजागरीकडची कड सरळ आणि लॉकचा कोपरा तेवढा खाली, तर बिजागरी फिरवून फट दुसरीकडे सरकेल. तिथे काचेचे पॅकर. एक पॅकर काचेखाली, बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यात. दुसरा काचेच्या बाजूला, लॉकच्या वरच्या कोपऱ्यात. ग्लेझिंग पॅडलने काच जरा रेटून हा वरचा पॅकर जाड करत गेलात की लॉकचा कोपरा वर येतो. १ मिमीने वाढवा, दार मिटून बघा, मग पुढचा.

हे उन्हात करू नका. दोन मीटरचं प्रोफाइल थंडी ते भर ऊन एवढ्या फरकात काही मिलिमीटर वाढतं, आणि गडद रंगाचं दार जास्तच. दुपारी जुळवलेलं सकाळी अडेल. हुकांना पांढरं लिथियम ग्रीस, सिलिंडरमध्ये मात्र ग्रीस किंवा तेल नाही, फक्त कोरडा पीटीएफई स्प्रे.