अनुभव धागा: मिस्टर नाहीत का घरी?

सातरस्ता_माहेर: काल सिलिंडरवाला भरलेली टाकी जिन्याखालीच ठेवून गेला. मी खांद्यावर टाकून दुसऱ्या मजल्यावर आणली. शेजारच्या काकू दारात: "अगं, मिस्टर नाहीत का घरी?" एकदम २००० साल आठवलं. दहावीत होते. वेटलिफ्टर कर्णम मल्लेश्वरीनं सिडनीत दोन प्रकारांत मिळून २४० किलो उचलून कांस्य आणलं, ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय बाई. पेपरातला फोटो मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आत्यानं कपाट उघडलं न् म्हणाली, "ही बी अशीच फुगली तर कोण करून घेईल?" आईनं फोटो काढला नाही, वरून साडी टांगली. चिकटपट्टीचे डाग अजून आहेत. तुमचंही लिहा.

कडकभाकरी: साडी 😂 आई भारी ओ तुमची.

होटगीरोड: माझ्या तळहाताला जिमच्या बारमुळं घट्टे पडलेत. सासूबाई रोज हात उलटा करून बघतात. काल म्हणाल्या, भाकरी आता चांगली थापती गं तू. थांबा, पाणी आलं चार दिवसांनी, पळते.

गड्ड्याचा_पाळणा: आमच्या दादाचा सिद्धेश्वराच्या जत्रेत उचलायच्या जड नंदीध्वजाचा सराव सुरू झाला की घरात तूप, बदाम, खारीक. मी जिमला जाते म्हणून दोन अंडी मागितली तर "तुला कशाला?" सिद्धरामेश्वरा, बघतोयस ना बाबा.

कडकभाकरी: @गड्ड्याचा_पाळणा यंदा गड्ड्याच्या जत्रेत भेटू. खाणं माझ्याकडून.

नवीपेठ९: वजन कमी करायला चांगलं का हे? माझं ७८ आहे.

सातरस्ता_माहेर: ताई, मी उचलायचं वाढवायला जाते, आपलं कमी करायला नाही 🙂

मीराची_फॅन: बाई धिप्पाड असल्याशिवाय उचलत नाही म्हणणाऱ्या मामांना टोकियो ऑलिंपिकचा व्हिडिओ दाखवला. मीराबाई चानू, ४९ किलोचा गट, डोक्यावर ११५ किलो. मामा म्हणे, "वजनं आत पोकळ असतील."

होटगीरोड: आले. मोटर लागेना, खालून बादल्यांनी भरली टाकी, बावीस खेपा. हां, तर सांगत होते, आमच्या जिमचे सर बार हातात देईनात. वीस किलोचा पुरुषांचा आहे म्हणे, बायकांचा पंधराचा असतो, तो आला की बघू, तुम्हाला झेपायचं नाही. आठ महिने झाले. मी विचारणं सोडलं, सर चहाला गेले की उचलते.

गड्ड्याचा_पाळणा: बावीस??

नवीपेठ९: सिलिंडर कुठल्या खांद्यावर घेतलात? माझा आज यायचाय.

सातरस्ता_माहेर: उजव्या. खाली टॉवेल घ्या, आपला सोलापुरी. पातळ नको.