लिहिलेलं दाखवायचं कुणाला आणि कसं?

हरिपूरची_सून

नमस्कार मंडळी. मी सांगलीत मार्केट यार्डात एका आडत दुकानात हिशेब बघते. हळदीचे सौदे ओसरले की दुपारी जरा उसंत मिळते, तेव्हा मोबाईलवर लिहीत बसते.

माझे सासरे, आप्पा, सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीच्या पेवांवर कामाला होते. जमिनीत खोल खणलेलं पेव, तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, आणि त्यात हळद वर्षानुवर्षं न किडता राहायची. २००५ च्या पुराचं पाणी शिरलं आणि बरीचशी पेवं कायमची गेली. आता गावातल्या पोरांना पेव म्हणजे काय ते सांगावं लागतं. म्हणून सासऱ्यांना विचारून विचारून लेख लिहिला आणि लेखकांच्या एका ग्रुपवर टाकला.

काय आलं? 'खूप छान ताई', जोडलेले हात, फुलं, बदाम. एकांनी तर टाकल्या टाकल्या 'अप्रतिम!' लिहिलं. अहो, वाचायलाच दहा मिनिटं लागतात की! लेख मध्येच कुठंतरी रेंगाळतोय हे मला कळतंय, पण नेमकं कुठं ते सापडत नाही. आणि ते कुणी सांगत नाही.

दुसरं असं, की त्यात सासऱ्यांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं वाटणीवरून झालेलं भांडण आलंय. पेवाच्या जागेवरूनच झालं होतं ते. चुलत घरातल्या कुणीतरी वाचलं आणि आमच्या जाऊबाईंना फोन, "घरातलं चव्हाट्यावर कशाला मांडलंय?" आमचे हे म्हणतात, काढून टाक, उगं वाईटपणा नको. पण भांडण काढलं तर उरतं काय? पेव कसं खणतात एवढंच. मग तो लेख मी लिहिला काय नि दुसऱ्या कुणी लिहिला काय.

आणि दिवाळी अंकाला पाठवला तर चालेल का?

कराडचे_मास्तर

ताई, तुमचा लेख मी वाचलाय. रेंगाळतो तो २०१९ च्या पुराशी. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट, हे तुमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्यावर तुम्ही चार परिच्छेद खर्च केलेत. त्या पाण्यात सासरे माळ्यावर बसून काय करत होते, हे मात्र एका ओळीत उरकलंत. मला तेच वाचायचं होतं.

ग्रुपवर टाकताना 'कसा वाटला?' असं विचारू नका. लग्नाच्या पंगतीत जेवण कसं झालंय विचारल्यावर कोण खरं सांगतं? 'कुठं वाचायचं सोडावंसं वाटलं, ती ओळ इथं चिकटवा' एवढंच मागा. आणि आधी दुसऱ्यांच्या लेखांवर मुद्द्याचं लिहा. त्यातला एखादा तरी तुमचं नीट वाचेल. कुणी खोट काढली की लगेच खुलासा द्यायला धावू नका. खुलासा द्यावा लागतोय म्हणजे ते लेखात आलेलं नाही.

वाईची_आजी

मास्तरांशी सहमत. मराठी विश्वकोशाचं काम आमच्या वाईत चालतं. पहिला खंड १९७६ चा. एकेक नोंद लिहिणाऱ्याकडून संपादकाकडं, तिथून तपासनिसाकडं, अशी हातोहात फिरायची. समासात फुलं काढायला कुणाला सवड होती!

भांडणाचं म्हणाल, तर सासरे हयात आहेत ना? मग त्यांना बसवून सगळा लेख मोठ्यानं वाचून दाखवा. भांडण त्यांचं आहे. ते 'असू दे' म्हणाले तर जावेला आणि नवऱ्याला काय उत्तर द्यायचं ते तुम्हाला सुचेलच. ते 'नको' म्हणाले तर निमूट काढा. ग्रुपवरच्या शंभर लोकांपेक्षा हा एक वाचक मोठा.

पलूसचा_वाटसरू

आजी, पटत नाही. सासरे हो म्हणतील हो, पण धाकट्या भावाची बाजू कोण मांडणार? ताईंनी ती ऐकलीय का? लेखात ते चुलत सासरे नुसते हावरट दिसतात. नावं बदलून उपयोग नाही, हरिपुरात पेवाच्या जागेवरनं भांडलेली माणसं सगळ्यांना ठाऊक असणार. एकदा त्यांच्या घरी चहाला जाऊन या, लेखाचं नाव न काढता. माझ्या अंदाजानं तिथं जे ऐकाल त्यानं लेख दुप्पट चांगला होईल. भांडण काढू मात्र नका, हे नक्की.

आणि जमलं तर संक्रांतीला औदुंबरला या. कृष्णाकाठी दरवर्षी त्याच दिवशी सदानंद साहित्य संमेलन भरतं, स्वातंत्र्याच्या आधीपासून. मोठे पाहुणे असतातच, पण मी जातो तो आपल्यासारख्या लिहिणाऱ्यांना भेटायला. ओळख झाली की कागद काढायचा नि वाचायला लागायचं. समोरचा चुळबुळायला लागला की कळतं, इथं कात्री लावायची.

अंक_जुळवणारा

दिवाळी अंकाचं सांगतो, हे काम मी केलंय. बहुतेक संपादक अप्रकाशित साहित्य मागतात, आणि ग्रुपवर टाकलेलं बरेच जण प्रकाशितच धरतात. त्यामुळं पाठवताना 'आधी अमुक ठिकाणी टाकला होता, आता नव्यानं लिहिलाय' असं स्पष्ट कळवा. लपवू नका, शोधायला दोन मिनिटं लागतात. युनिकोडमध्ये टाईप करून पाठवा, कागदाचे फोटो नकोत. आणि दिवाळीच्या तोंडावर नाही, उन्हाळ्यातच.

लेख चोरीला जाईल म्हणून घाबरू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिल्याक्षणी हक्क तुमचा. नोंदणी सक्तीची नाही. फक्त मूळ फाईल तारखेसकट जपून ठेवा आणि मजकुराच्या आतच कुठंतरी तुमचं नाव येऊ द्या. फॉरवर्ड होताना खालचं नाव पहिल्यांदा गळतं.

हरिपूरची_सून

सगळ्यांचे आभार. पुराचे चारही परिच्छेद काढले, जरा जीवावर आलं. सासऱ्यांना रविवारी वाचून दाखवते. चुलत सासऱ्यांकडं जायचं म्हणजे आधी ह्यांना तयार करावं लागेल, ते बघते.

तोवर नवीन सुरुवात टाकते. मास्तरांनी सांगितलं तसं विचारते, कुठं सोडावंसं वाटलं?

*'पेवाचं झाकण काढलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आतली हवा बाहेर पडू द्यायची. मग आप्पा दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील जळत राहिला तर उतरायचं. वरच्यानं खालच्याशी सारखं बोलत राहायचं, आणि आवाज आला नाही की दोर ओढायचा. आप्पा खाली असले की वर धाकटा भाऊ असायचा. दुसऱ्या कुणाच्या हातात ते दोर देत नसत.'*

पलूसचा_वाटसरू

कुठंच नाही. आता चहाला जाच.

कराडचे_मास्तर

मीही थांबलो नाही. पण कंदील विझला तर त्या दिवसाची हजेरी मिळायची का? हे आप्पांना विचारा आणि तिथंच घाला.