मदत हवी आहे: मुसळीच्या मुळांत 16, 18, 32 आणि 28 गुणसूत्रे?

रानफोडशी: सफेद मुसळीच्या (क्लोरोफायटम बोरिव्हिलिआनम) मुळांची टोकं स्क्वॅश करून, म्हणजे काचपट्टीवर दाबून पसरून, पेशींतली गुणसूत्रं मोजतेय. 2n (दोन संच मिळून पेशीतली एकूण संख्या) = 16 यायला हवीत. एकाच टोकात 16, 18, मध्येच 32. कुंडी क्र. 3 मध्ये तर सगळीकडे 28. चतुर्गुणित (दोनऐवजी चार संचांचं रोप) मिळालं म्हणू का? सोमवारी तक्ता द्यायचाय.

ऑर्सीन: टोकं कशात ठेवली होती? किती वेळ?

रानफोडशी: कोल्चिसिन, 0.05 टक्के. काल दुपारपासून आज दुपारपर्यंत.

ऑर्सीन: इथेच घोळ आहे. कोल्चिसिन तर्कू, म्हणजे गुणसूत्रं दोन टोकांना ओढणारे धागे, बनू देत नाही. गुणसूत्रं दुभंगतात, पण पेशी विभागत नाही. 24 तासांत तीच पेशी पुन्हा विभाजनाला लागते आणि 32 दिसतात. रोप खरंच चतुर्गुणित असेल तर प्रत्येक टोकात 32 हाच नेहमीचा आकडा येईल, 16 त मिसळलेला नाही.

कोल्चिसिन 3-4 तासच. त्याहून त्याच कामाचं 8-हायड्रॉक्सिक्विनोलीन बरं: लिटरला 0.29 ग्रॅम (0.002 मोलर). थंड पाण्यात विरघळत नाही, 60 अंशांवर ढवळा. 15-16 अंशांना 4 तास. मग 3 भाग अल्कोहोल, 1 भाग ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये 24 तास. 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, 60 अंश, 8 मिनिटं. जास्त झालं की टोकाचा लगदा होतो. 2 टक्के अ‍ॅसिटो-ऑर्सीनमध्ये गडद झालेला शेवटचा 1 मिमी तेवढाच ठेवा, वरचा मांसल भाग कापा, नाहीतर कव्हरस्लिप बसत नाही.

डीएनएमापक: एवढी उठाठेव कशाला? फ्लो सायटोमेट्री (यंत्राने पेशीकेंद्रांतला डीएनए मोजणं) करा, कोवळं पान चिरलं की झालं.

ऑर्सीन: त्यात डीएनएचं प्रमाण कळतं, संख्या नाही. 16 की 18, हा प्रश्न तिथे सुटत नाही.

डीएनएमापक: 16 की 32 हा तर सुटतो! ते पान कोल्चिसिनमध्ये बुडालेलं नाही.

ऑर्सीन: तेवढं मान्य. 18 मधले दोन अगदी ठिपक्याएवढे आहेत का?

रानफोडशी: हो! दोन्ही एकेका गुणसूत्राच्या टोकाशी.

ऑर्सीन: ते सॅटेलाइट, त्याच गुणसूत्रांची टोकं. दाबताना त्यांना जोडणारा बारीक भाग (दुय्यम आकुंचन) ताणला की सुटल्यासारखे दिसतात. वेगळे मोजू नका.

बागवान: चतुर्गुणित हवं असेल तर कोंबावर कोल्चिसिनचा कापूस रोज बदलून ठेवा.

ऑर्सीन: त्यांना बनवायचं नाहीये, मोजायचंय.

पानफूल: मुसळीच्या एका संचात 8 गुणसूत्रं, आणि 28 ला 8 ने भाग जात नाही, तेव्हा हे मुसळीचं चतुर्गुणित नव्हेच. कुंडी 3 कुठली?

रानफोडशी: नर्सरीतली. पानं साधी हिरवी, मुळं मांसल.

पानफूल: फुलांच्या दांड्याला पिल्लं लोंबतायत?

रानफोडशी: तीन आहेत. ते महत्त्वाचं वाटलं नाही.

पानफूल: मग तो क्लोरोफायटम कोमोसम, म्हणजे स्पायडर प्लांट, मूळचा आफ्रिकेतला. त्याची मूळ संख्या (एका संचातली) 7, चौपट म्हणून 28. म्हणजे हेच चतुर्गुणित, फक्त प्रजाती दुसरी. तक्त्यात वेगळ्या ओळीत घ्या. बाकीच्या प्रत्येक रोपाची 3 टोकं, टोकाला 10 अखंड पेशी.

बागवान: मुसळीचीच कोवळी पानं फोडशी म्हणून भाजीला घेतात ना? बुडख्याकडचा पांढरा भाग चिरून धुवा, माती तिथेच अडकते.