हायस्कुलातलं इंग्रजी: वर्षाच्या सुरुवातीला काय करता? (अनुभव धागा)

गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून शिकलेलं मूल पाचवीत हायस्कुलात येतं आणि गणित, विज्ञान सगळं एकदम इंग्रजीतून सुरू होतं. अशा वर्गाची सुरुवात कशी करावी? शिकवणाऱ्यांनी नेमकं लिहावं: काय करायचं, किती वेळ, कुठे अडतं.

डिचोलीहून
पहिल्या तासाला पहिला धडा उघडू नये. आधी वाचन तपासावं. पुस्तकाबाहेरचा, मागच्या इयत्तेच्या पातळीचा पन्नास-साठ शब्दांचा उतारा घ्यावा आणि एकेका मुलाला टेबलाजवळ बोलवून मिनिटभर वाचायला लावावं. वर्गासमोर उभं करू नये, अडखळणारं मूल तिथे गप्पच होतं. चाळीस मुलांना दोन-तीन तास लागतात. तोवर बाकीच्यांनी चित्र पाहून पाच वाक्यं लिहावीत, म्हणजे लेखनाचा नमुनाही हाती येतो.

नोंद तीनच प्रकारची: अक्षरं ओळखत नाही, अक्षरं जुळवता येत नाहीत, वाचतं पण अर्थ लागत नाही. तिसरी मुलं हमखास नजरेतून सुटतात, कारण ती खणखणीत वाचतात! म्हणून वाचून झालं की उताऱ्यावर एक प्रश्न विचारावाच. उत्तर कोंकणीत आलं तरी पूर्ण गुण द्यावेत. इथे समज तपासायची आहे, बोलणं नव्हे.

फोंड्याहून
वरच्याला पूर्ण अनुमोदन. वाक्याबद्दल सांगते. मराठी-कोंकणीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून 'आय स्कूल गो' असं वाक्य तयार होतं. व्याख्या पाठ करून हे सुटत नाही. कार्डशीटच्या पट्ट्या कापाव्या: कर्ता, क्रियापद, कर्म, स्थळ, प्रत्येकाचा रंग वेगळा. चार-पाच जणांच्या गटाने पट्ट्या हलवून वाक्य जुळवायचं, मोठ्याने म्हणायचं, मगच वहीत उतरवायचं. थेट वहीवर गेलं की जुनाच क्रम परत येतो.

'अ', 'ॲन', 'द' यांच्यावर पहिल्या महिन्यात लाल शाई खर्चू नये. आपल्या भाषांत त्यांना जोड नाही, ती वाचनातूनच हळूहळू बसतात. एका निबंधात एकाच प्रकारची चूक दाखवावी. पान लाल झालं की मूल पुढच्या वेळी दोनच ओळी लिहितं.

सत्तरीहून
जूनमध्ये पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तर श्रुतलेखन घेऊ नका. 'शिप' की 'शीप', 'बेड' की 'बॅड' हे मागच्या बाकावर पोचत नाही आणि चूक कानाची की स्पेलिंगची, हे कळायला मार्ग उरत नाही. पावसात मूक वाचन आणि पट्ट्या, उघडीप मिळाली की तोंडी काम. पावसात वीज जाते, म्हणून तास स्मार्ट बोर्डवर बेतू नये.

पेडण्याहून
२०२५ साली सहावी ते दहावीचे वर्ग ७ एप्रिललाच सुरू झाले. अशा वेळी मध्ये मे महिन्याची सुट्टी येते. एप्रिलमध्ये नवीन व्याकरण शिकवलं तर जूनमध्ये तेच पुन्हा शिकवावं लागतं. त्या आठवड्यांत डिचोलीकरांनी सांगितलेली तपासणी उरकावी.

काणकोणहून
पालकसभेत 'घरी इंग्रजीच बोला' असं कृपा करून सांगू नका. ज्या घरात इंग्रजी नाही, तिथे मुलाशी बोलणंच कमी होतं. रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचून घ्यायला सांगा, मराठी गोष्टीचं पुस्तकही चालेल, आणि वाचून झाल्यावर 'पुढे काय होईल?' एवढं विचारायला सांगा.