बचत दर वर्षी वाटून टाकावी की साठवत न्यावी?

हिशेबनीस
बायकांच्या छोट्या उद्योगांच्या सहकारी संस्थांत गटबचत वाढवायची म्हटलं की एकच मंत्र ऐकू येतो: पैसे टाकत राहा, हात लावू नका. माझं मत उलटं आहे. वर्षातून एकदा पेटी रिकामी करा.

१९९१ मध्ये नायजरमधल्या मरादी भागात केअर या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने सुरू केलेली आणि पुढे आफ्रिकाभर पसरलेली पद्धत साधारण अशी चालते: पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तिघींकडे. दर बैठकीला प्रत्येकीने ऐपतीप्रमाणे एक ते पाच भाग, म्हणजे ठरलेल्या रकमेचे बचतीचे हिस्से, घ्यायचे. त्याच पैशातून कर्जं. नऊ ते बारा महिन्यांनी मुद्दल आणि व्याज जिच्या तिच्या भागांप्रमाणे वाटून मोकळं व्हायचं. वाटप आलं की कर्ज वसूल करावंच लागतं आणि वहीतली रक्कम पेटीत आहे का, ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कळतं.

भांडवलवाली
म्हणजे मोठी भिशीच झाली की! धंदा कशावर करायचा? नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने, १९९२ मध्ये ५०० बचतगट बँकांना जोडायचा प्रयोग घेतला. आधी स्वतःची बचत, मग तिच्या एकपटीपासून चौपटीपर्यंत कर्ज, असा त्यातला हिशेब. दर वर्षी पेटी शून्यावर आणलीत तर चौपट कशाची करणार? मोठं यंत्र काय एका वर्षाच्या बचतीत येतं?

सुईदोरा
चौपट कर्ज मिळालं तरी ते कोणाच्या हाती जातं, तेही बोला. मी सात वर्षं साठवणाऱ्या गटात होते. पाचव्या वर्षी एक बाई गाव सोडून गेली. मुद्दल मिळालं, पण व्याजातला तिचा वाटा किती, यावर तीन बैठका खर्ची पडल्या. रजिस्टर उघडलं तर मधल्या दीड वर्षाच्या बेरजा पेन्सिलने केलेल्या, दोन ठिकाणी खोडलेल्या. कोणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. कोणालाच सांगता येत नव्हतं, एवढंच.

भांडवलवाली
हा दोष वहीचा आहे, साठवण्याचा नाही. पंचसूत्री आपण सगळ्याच घोकतो: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड, चोख हिशेब. पाचवं सूत्र तुम्ही सोडलंत आणि खापर दुसऱ्यावर फोडताय.

हिशेबनीस
सूत्र पाळलं जाईल कशाने, हाच तर प्रश्न आहे! साठवणाऱ्या गटात वही चुकली तर पाच वर्षं कळत नाही. वाटणाऱ्या गटात वर्षाच्या आत कळतं. आफ्रिकेतल्या बऱ्याच गटांत बैठक संपताना शिल्लक मोठ्याने सांगतात आणि पुढच्या वेळी पेटी उघडण्याआधी बायकांनाच आकडा विचारतात. अक्षरओळख नसलेलीही हिशेब धरून ठेवते.

उंबरा
मधली वाट नाही का? बचत वाटा, व्याज उद्योगासाठी मागे ठेवा.

सुईदोरा
व्याजही तिचंच आहे हो. ठरावात तिची सही घ्या, मग ठेवा. परस्पर नको.

भांडवलवाली
बरं, एक सांगा. वाटलेला पैसा परत येतो का? वाटपाच्या दुसऱ्या दिवशी बायका नव्या वर्षाचे भाग घेणार असतील, तर माझा अर्धा मुद्दा मी मागे घेते.

हिशेबनीस
आमच्याकडे निम्म्याहून जास्त जणी घेतात. पण त्याच बैठकीत नाही. आधी नोटा घरी नेतात, घरच्यांना मोजून दाखवतात, मग घेऊन येतात. पहिल्या वर्षी मी घाईने तिथेच भाग घ्यायला लावले होते, तर चौघी रुसल्या.

भांडवलवाली
आणि ज्या नाही घेत, त्यांचा पैसा कुठे जातो?

हिशेबनीस
ते विचारायचा हक्क आपल्याला आहे असं मला वाटत नाही.

भांडवलवाली
इथेच आपलं जमत नाही. संस्था चालवायची तर विचारावं लागतं.