राग आला की डोळ्यात पाणी का येतं?

घाटवाट:
मला राग आला की रडूच येतं. दुःख वगैरे काही नसतं हो, नुसता संताप असतो, पण तोंड उघडलं की आवाज कापतो आणि डोळे भरतात. परवा मीटिंगमध्ये साहेबांनी रिपोर्टवरून सगळ्यांसमोर झापलं, आकडे माझे बरोबर होते, पान उघडून दाखवता आलं असतं पण शब्दच फुटेना, आणि वर ऐकून घ्यावं लागलं की एवढं मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांना वाटतं ही हळवी आहे, आतून मी पेटलेली असते. असं का होतं?

निळीशाई:
माझंही सेम. रागात अ‍ॅड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, हात थरथरतात, ते काही आपण ठरवून करत नाही. अश्रुग्रंथींना हुकूम देणाऱ्या नसाही आपल्या ताब्यात नसतात, म्हणून "रडू नकोस" असं स्वतःला कितीही बजावलं तरी उपयोग होत नाही. रडणं म्हणजे दुःखच, हे समीकरणच चुकीचं आहे, लेकीचा निकाल ऐकून पण रडतोच की आपण.

प्रवेशतिसरा:
मी हौशी नाटकं करतो म्हणून सांगतो, भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हे केव्हाच लिहून ठेवलंय. 8 सात्त्विक भावांमध्ये, म्हणजे मनातलं अंगावर आपोआप उमटतं त्या खुणांमध्ये, अश्रू आहेत, आणि त्यांची कारणं देताना शोक, भय यांच्यासोबत आनंद आणि अमर्षही, म्हणजे अपमानातून येणारा संतापही दिलाय. थरथर आणि आवाज फुटणं हेही त्याच 8 मध्ये येतं, म्हणजे तुमचं सगळं वर्णन तिथे आहे. आणि साधा क्रोध वेगळा, तो स्थायी भाव, म्हणजे मनात टिकून राहणारा. अमर्ष हा 33 व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या भावांतला, आपल्यापेक्षा विद्येनं, पैशानं, ताकदीनं वरचढ असलेल्यानं अपमान केला की येतो तो. तुमची मीटिंगच झाली ना ही! हाताखालच्या माणसावर चिडताना येतं का हो रडू? मला तरी नाही येत.

रानजाई:
दोघांचं पटलं, पण वळणाचा भाग राहिला. आमच्याकडे मुलीनं आवाज चढवायचा नाही आणि मुलानं रडायचं नाही, मग राग डोळ्यातून बाहेर पडतो आणि दुःख तोंडातून. बाबांच्या तेराव्याला माझा भाऊ आमटीत मीठ कमी पडलं म्हणून आचाऱ्याच्या अंगावर धावून गेला, सगळे म्हणाले काय तापट पोरगा आहे. बाबा गेल्यापासून तो एकदाही रडला नव्हता, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. आत एक असतं आणि चेहऱ्यावर दुसरंच, म्हणून नुसते डोळे बघून माणसाला हळवं ठरवणं मला फार अन्यायाचं वाटतं.

घाटवाट:
प्रवेशतिसरा, खरंच की, घरी धाकट्या भावावर ओरडताना डोळे कोरडे ठणठणीत असतात माझे! हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी परत मीटिंग आहे, आकडे लिहून कागदच पुढे ठेवणार आहे आणि पाणी आलं तर येऊ दे, थांबून पुढचं वाक्य बोलणार.